दुसरी सही

सिस्टरचं पत्र आलं त्याला एकोणीस वर्षं झाली. मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र चारच ओळींचं होतं आणि त्यात विचारलेलं एकच: "मंगळवारी तिसऱ्या तासाला येणारी ती मुलगी तुम्ही पाहिली होती ना? हो किंवा नाही, एवढंच लिहून पाठवा. माझी नोकरी आणि माझं नाव, दोन्ही त्यावर आहे." खाली पत्ता होता, दोनदा अधोरेखित केलेला. पत्ता वाचता आला नाही, असं निमित्तही मी सांगू शकेन हे त्यांनी ओळखलं असावं.

पत्र मी एका जाड शब्दकोशात ठेवलं. कुठल्या पानात, ते आजही न बघता सांगता येईल.

मी शाळेत ग्रंथपाल होतो. मुलं मला पाठीमागे 'वाळवी' म्हणायची. मला ते फारसं लागलं नाही. वाळवी निदान कागदाच्या आत तरी शिरते, मी नुसताच वर बसून असायचो. वाचनालयाला लागून सिस्टरची खोली होती. मध्ये भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. वरच्या अर्ध्या भागात पांढरा रंग फासलेल्या काचा आणि खाली एक वही सरकेल एवढी फट. पलीकडे लोखंडी खाट, बेसिन आणि औषधांचं कुलपाचं कपाट. कपाटात काही फार भारी नसायचं. डोकेदुखीच्या गोळ्या, पोटासाठी चघळायच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, मलम. कुठल्याही दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळेल तेवढंच.

पण शाळेचा नियम कडक होता. घरून पालकांनी परवानगी लिहून दिलेली हवी. आणि मुलाने गोळी गिळताना सिस्टरखेरीज आणखी एक मोठं माणूस समोर हवं. त्याने स्वतः पाहायचं आणि वहीत दुसरी सही करायची.

ते मोठं माणूस म्हणजे मी. सिस्टर औषधाच्या चमच्याने पार्टिशनवर दोनदा वाजवायच्या, टक टक, की मी उठून जायचं. पहिले काही दिवस गेलोही. पण रडणारी, ओकणारी मुलं पाहिली की मला काय बोलावं सुचायचं नाही. हात कुठे ठेवावेत तेही कळायचं नाही. मग एके दिवशी मी जागेवरूनच म्हणालो, "वही इकडेच सरकवता का?"

"सर, पुस्तकातून मान वर केलीत तर मोडणार नाही ती," सिस्टर पलीकडून म्हणाल्या. पण वही सरकवली.

मी शेवटच्या ओळीपुढे सही केली आणि वही परत ढकलली. तेव्हापासून तेच सुरू झालं. सिस्टर त्याच वर्षी नव्याने लागल्या होत्या, वयानेही लहान, त्यामुळे त्यांनी आग्रह धरला नाही. ओळीत काय लिहिलंय हे मी कधी वाचलं नाही. दिवसभर वाचत बसणाऱ्या माणसाने एक ओळ वाचली नाही. ती वाचली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं.

मंगळवारच्या मुलीचा आवाज मात्र मला ओळखू यायचा. तिसरा तास सुरू झाला की दार वाजल्याशिवायच तो यायचा.

"सिस्टर, डोकं दुखतंय."

"पुन्हा? काही खाल्लंयस का?"

"हो. अर्धीच द्या."

मग गोळी मोडल्याचा बारीक आवाज, नळाचं पाणी, पेला खाली ठेवल्याचा आवाज. टक टक. वही. सही. जाताना पावलं कधी वाजली नाहीत, पण हे मला फार नंतर जाणवलं.

सहामाही संपता संपता शाळेची तपासणी झाली. तपासायला आलेल्या बाईंनी औषधांची वही आणि कपाटातला साठा ताडून पाहिला आणि हेडसरांनी मला बोलावणं पाठवलं. आत सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"सर, पाचवीच्या तुकड्या किती आपल्याकडे?" हेडसरांनी विचारलं.

"एकच."

"मग ही पाचवी ब कुठून आली?" त्यांनी वही माझ्यापुढे केली. अकरा मंगळवार, एकच मुलगी, पाचवी ब, अर्धी गोळी, उरलेली अर्धी टाकून दिली. "हजेरीपटावर या नावाची मुलगीच नाही. परवानगीच्या चिठ्ठीवरची सही कुणाला वाचता येत नाही. आणि तिच्या नावावरची एकही गोळी कपाटातून कमी झालेली नाही. बाकीच्या मुलांच्या वजा केल्या की बाटलीतला हिशेब पुरा जुळतो."

"मी माझ्या हातांनी मोडून दिल्यात," सिस्टर म्हणाल्या. आवाज शांत होता, पण हात पदराशी चाळा करत होते. "सरांना विचारा. ते रोज शेजारीच असतात."

तपासणीच्या बाई म्हणाल्या, "मुलं येत नाहीत म्हणून हे पद बंद करायचं चाललंय, हे यांना ठाऊक होतं. आकडा वाढवायला मुलगी तयार केली, दुसरं काय?"

"सांगा ना सर," सिस्टर म्हणाल्या.

हेडसरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अकरा सह्या तुमच्या आहेत. मुलगी पाहिलीत?"

"सही माझीच आहे."

"ते दिसतंय हो. मुलगी?"

न बघता सह्या केल्या म्हणावं, तर माझी नोकरी धोक्यात. पाहिली म्हणावं, तर खोटं. मी तिसरंच बोललो. "आठवत नाही."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्याच दिवशी त्यांना घरी बसवलं. चौकशी पुढे चालू राहणार होती. खोलीला कुलूप लागलं आणि वही हेडसरांच्या टेबलात गेली.

पुढच्या मंगळवारी तिसऱ्या तासाला मी एका पुस्तकाच्या फाटलेल्या कण्याला डिंक लावत होतो. पार्टिशनवर टक टक झालं.

पाइपात हवा असेल, म्हणून मी बसून राहिलो. थोड्या वेळाने पुन्हा. चमचाच तो, आवाज कानात बसलेला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बोलावल्यावर लगेच उठलो. काचेवरचा रंग एका कोपऱ्यात खरवडला गेला होता, तिथे डोळा लावला.

ती खाटेवर बसली होती. गणवेश, दोन वेण्या, मोज्याचं एक रबर सैल झालेलं. दहा-अकरा वर्षांची कुठलीही मुलगी. खाटेवरची चादर मात्र तिच्याखाली जराही दबली नव्हती. तिने माझ्याकडे मान वळवली, जणू मी इथूनच बघणार हे तिला माहीत होतं.

"सिस्टर कुठे गेल्या?" तिने विचारलं.

मी डोळा काचेवरून काढला. जागेवर येऊन बसलो आणि पुस्तक उघडलं. डिंकाने पानं एकमेकांना चिकटली होती, ती मी तास संपेपर्यंत सोडवत राहिलो.

तीन दिवसांनी सिस्टरचं पत्र आलं. म्हणजे 'हो' लिहायला माझ्याजवळ खरं कारण होतं. पण कोण विश्वास ठेवणार? मी स्वतःच ठेवत नव्हतो. इतकं वाचलं की माणसाला वाचलेलं आणि पाहिलेलं वेगळं करता येत नाही, असं मी मनाला समजावलं. चौकशी संपली, सिस्टर गेल्या. त्यांना पुन्हा कुठल्या शाळेत घेतलं नाही, असं कानावर आलं. मी माझी नोकरी पुरी करून निवृत्त झालो.

आता माझी नात त्याच शाळेत पाचवीला आहे. इतकी वर्षं रिकामं राहिलेलं सिस्टरचं पद यंदा पुन्हा भरलं. गेल्या मंगळवारी नात घरी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आजोबा, आज माझं डोकं दुखत होतं. नवीन सिस्टरने गोळी दिली."

"परवानगी मी लिहून दिली होती हं," माझी लेक आतून ओरडली. "नाहीतर म्हणाल, कुणी विचारलं नाही!"

"माझ्या आधी एक मुलगी होती. तिला अर्धीच दिली. ती म्हणते पाचवी ब. आई, आमच्याकडे ब आहेच कुठे?"

मी चहाचा कप ठेवून उठलो.

"आणि दुसरी सही?" मी विचारलं. "कुणी केली?"

"कुणीच नाही. सिस्टर म्हणाल्या, शिपाईकाका नंतर करतील." नात बूट काढता काढता म्हणाली, "ती मुलगी तुम्हाला ओळखते, आजोबा. म्हणाली, तुझ्या आजोबांनी मला एकदा पाहिलंय. पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही."

लेकीने दारातून डोकावलं. "बाबा, तुम्ही एवढे पांढरे का पडलात? बसा बघू."

मी बसलो नाही. शब्दकोश काढला, ते पान उघडलं, पत्र घेतलं. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात तो पत्ता दाखवून चौकशी केली. दुकानदार म्हणाला, "सिस्टर ना? त्याच पत्त्यावर राहतात की. दर महिन्याला ब्लडप्रेशरच्या गोळ्या नेतात. तुमच्या घरापासून चालत वीस मिनिटं." एकोणीस वर्षं मी त्या दुकानातून माझ्याही गोळ्या आणत होतो.

चालत जायचं धाडस आजही नाही. पत्रच लिहिलं, दोन प्रतींत: एक सिस्टरना, एक शाळेला, नव्या सिस्टरच्या वहीत लावण्यासाठी. चार दिवस लागले. खोडलेलं इतकं झालं की शेवटी सगळं खोडून एवढंच ठेवलं:

"हो. पाहिली होती. अकरा वेळा न बघता सही केली. बाराव्या वेळी बघितलं आणि सही करायला वही नव्हती, पण जीभ होती. तुम्ही खरं बोलत होता. हे कुणालाही दाखवा."

आज सकाळी नातीला शाळेत सोडताना दोन्ही पाकिटं खिशात होती. टपालपेटीपाशी मी थांबलो. नात माझा हात सोडून रस्त्यापलीकडे, शाळेच्या फाटकाकडे बघत होती. तिथे कुणी नव्हतं. तिने मान डोलावली, आणि मग मला विचारलं,

"आजोबा, सही केलीत का? ती विचारतेय."

केली नव्हती. दोन्हींवर नव्हती. पाकिटं अजून चिकटवली नव्हती, म्हणून बरं. तिथेच टपालपेटीच्या पाठीवर कागद ठेवून मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचलं. मग फाटकाकडे पाहिलं, जमेल तेवढा वेळ. आणि मग दोन्हींवर सही केली.

पाकिटं चिकटवून आत टाकली. एकामागून एक, दोनदा वाजलं.