पाण्यामागं निघालेली इमारत

मी हवामान संशोधन केंद्राची इमारत बोलतेय. मध्यंतरी माझा पत्ता दर आठवड्याला बदलत होता, म्हणून सगळं सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म लातूरकडच्या एका तलावाच्या काठावर झाला. नकाशा काढला हदगावच्या ऋतुजाताईंनी. माझ्या मंजुरीच्या फाईलीत दोन अटी होत्या. इमारत पाण्यापासून वीस पावलांच्या आत असावी आणि तिनं परिसराला प्रतिसाद द्यावा. ताईंनी दुसरी अट फारच मनावर घेतली. धूळ आली की माझ्या खिडक्या आपोआप मिटतात, ऊन चढलं की छपराच्या झडपा उघडतात. गाढव ओरडलं तरी एक खिडकी उघडते, ते मात्र कुणाला दुरुस्त करता आलं नाही.

फेब्रुवारीत तलाव आटत आटत लांब गेला. तपासणी अधिकारी व्यंकटराव टेप घेऊन आले. पाणी दोनशे पावलांवर.

"काठ सरकला, इमारत सरकली न्हाई. नियमात बसत न्हाई," ते म्हणाले. पुढच्या तपासणीत मी पुन्हा नापास झाले, तर मला पाडायचं ठरलं.

ताई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ट्रॉलीची सोळा चाकं बसवली आणि मी निघाले. पाणी मागं हटायचं, मी पुढं जायचे. शास्त्रज्ञ आत चहाचे कप घट्ट धरून बसायचे. खरं सांगते, मला मजा वाटू लागली होती.

एप्रिलमध्ये धुरपताबाई आडव्या आल्या. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात त्या काकडी लावतात. उन्हाळ्यात त्यांचं तेवढंच पीक. ताईंनी परोपरीनं समजावलं, उद्या तपासणी आहे, इमारतीच्या जिवाचा प्रश्न आहे. बाईंनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. माझ्या पुढच्या चाकापाशी बसून त्या मलाच म्हणाल्या, "बाई, तू शहाणी दिसतीस. माझे वेल फुलावर आलेत. थांब की."

आजवर सगळे माझ्याबद्दल बोलायचे, माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. प्रतिसाद नेमका कुणाला द्यायचा, हे फाईलीत नव्हतं. मी सोळाही चाकं आवळून धरली. ताईंनी चाकं फिरवायची कळ दाबली, मग ट्रॅक्टर लावला. भीती वाटत होती, पण मी हलले नाही.

सकाळी व्यंकटराव आले. पाणी साठ पावलांवर. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात धुरपताबाईंनी वेलांसाठी आणलेली घागर माझ्या पायरीपाशी ओतली.

"पाणी हितंच हाय की. मोजा," त्या म्हणाल्या.

पाणी किती असावं, हे नियमात लिहिलेलं नव्हतं. व्यंकटरावांनी बराच वेळ फाईल चाळली. मग ते वाकले, टेप लावला आणि लिहिलं, 'अंतर एक वीत, उत्तीर्ण.' ताई पायरीवर बसून रडल्या.

आता मी काकडीच्या मळ्यात उभी आहे. एक वेल जिन्यावर चढलाय, शास्त्रज्ञ कडेकडेनं ये-जा करतात. तुम्ही कधी तपासणीला आलात आणि माझी पायरी कोरडी दिसली, तर लगेच काही लिहू नका. धुरपताबाईंना हाक मारा आणि जरा थांबा. घागर घेऊन यायला त्यांना वेळ लागतो, गुडघे दुखतात त्यांचे.