मिशीची खूण आणि माझा उलटा कॅमेरा

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी एक बिजागरी कुरकुरते, अर्ध्या बटणांवरची अक्षरं पुसली गेली आहेत आणि फटींमध्ये लाकडाचा भुसा भरला आहे. पण मित्रांनो, उगाच हळहळू नका. माझ्याइतका मजेत असलेला लॅपटॉप तुम्हाला शोधून सापडायचा नाही, आणि त्याला कारण आहे माझा उलटा कॅमेरा.

हो, उलटाच. कारखान्यात आमची जुळणी चालली असताना आतली तार पुरेना, म्हणून माझा आणि माझ्या भावंडांचा कॅमेरा डोकं खाली, पाय वर असा बसवला गेला. सोबत एक ड्रायव्हर दिला. ड्रायव्हर म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम. कॅमेऱ्याने काय करायचं, आवाजाने काय करायचं, हे ज्याचा त्याचा ड्रायव्हर समजावून सांगतो. माझ्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर प्रत्येक चित्र गुपचूप सुलट करून पुढे धाडायचा. ही गोष्ट त्याने पोटात ठेवली आणि मीही ठेवली.

मी राहतो एका सुताराच्या कामाच्या खोलीत. आम्ही त्यांना आजोबाच म्हणू. आजोबांना जन्मापासून ऐकू येत नाही आणि त्यांच्या लेकीलाही नाही. त्यामुळे या घरात हातांनी बोलतात. आजींना मात्र छान ऐकू येतं. त्या हातांनी आणि तोंडाने एकदमच बोलतात, म्हणजे इतरांच्या दुप्पट. लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली तेव्हा मला इथे ठेवून गेली, आणि रोज संध्याकाळी माझ्या पडद्यावर बापलेकीच्या गप्पा रंगू लागल्या. त्याआधी आजोबा मऊ ब्रशने माझ्यावरचा भुसा झाडत. तेवढे लाड मला पुरत.

या घरात प्रत्येकाच्या नावाची एक खूण आहे. आजोबांची खूण म्हणजे नाकाखाली बोट नेऊन मिशीला पीळ द्यायचा. लेकीची छोकरी वर्षाची झाली आणि इवल्या हातांनी खुणा करू लागली. आधी दूध आलं, मग आई, मग पंखा. शेजारच्या मांजराचीसुद्धा खूण आली. आजोबांची काही येईना. मांजराचा नंबर लागला, माझा कधी, असं ते आजींना विचारत आणि आजी त्यांना मनसोक्त चिडवत. पण आजोबा रोज माझ्यासमोर बसून मिशी पिळायचे, नातीने बघावं म्हणून. नातीने आपल्याला हाक मारावी, एवढंच त्यांना हवं होतं.

नेमका तेव्हाच मी रेंगाळायला लागलो. आजींनी मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने माझ्यातलं सगळं पुसून नव्याने भरलं, आणि त्यात माझे जुने ड्रायव्हरही गेले. झाकणावरचं नाव वाचून त्याने नवे ड्रायव्हर घातले, आणि घरी पोहोचवायला आला तेव्हा ऐटीत एक गाणं मोठ्याने लावलं.

“अगंबाई, याला आवाजही होता?” आजी म्हणाल्या. कित्येक वर्षं माझा आवाज बंद होता आणि या घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दुरुस्तीवाल्याचा चेहरा पडला.

संध्याकाळी कॉल लागला. आजोबांनी मिशीला पीळ दिला. पण तिकडे त्यांची मिशी दिसली डोळ्यांच्या वर आणि टक्कल दिसलं तळाशी. छोकरीने टक लावून पाहिलं, ओठ काढले आणि आईच्या खांद्यात तोंड लपवून रडू लागली. आजोबांनी माझं झाकण हळूच मिटलं आणि आधीच गुळगुळीत झालेल्या फळीवर पुन्हा रंधा मारायला घेतला. मित्रांनो, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

दुरुस्तीवाला पुन्हा आला. त्याने ड्रायव्हर काढला, घातला, मला बंद केलं, चालू केलं. काही उपयोग होईना.

“काकू, एकदम नवा ड्रायव्हर आहे हो,” तो म्हणाला.

“नवा असेल रे बाबा, पण याच्या ओळखीचा दिसत नाही,” आजी म्हणाल्या. दुरुस्तीवाल्याने हात टेकले आणि उद्या बघतो म्हणून निघून गेला.

आजोबा काही हात टेकणारे नव्हते. चित्र उलटं येतं, तर लॅपटॉपच उलटा करू, असा त्यांचा सरळ हिशेब. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक लाकडी चौकट ठोकली. तिच्या दोन पट्ट्यांवर मला पालथं निजवलं, पडदा खाली लोंबता सोडला आणि सवयीने माझ्या पाठीवरचा भुसा ब्रशने झाडला. तेवढ्यात दुरुस्तीवाला आला. कारखान्यात माझ्या पाठीला चिकटवलेली, इतके दिवस भुशाखाली दडलेली चिठ्ठी आता त्याच्या नाकासमोर होती, आणि तिच्यावर माझ्या मॉडेलचा पूर्ण क्रमांक होता.

“अरेच्चा, हा तो नव्हेच,” तो पुटपुटला. मग मान वाकडी करून, उलट्या पडद्याकडे बघत, त्याने माझा खराखुरा ड्रायव्हर शोधून घातला.

इतक्यात मी वाजलो. आजींनी ऐकलं आणि आजोबांना खुणावलं. कॉल लागला, आणि तिकडे आजोबा पुन्हा उलटे. आता कॅमेरा सुलट झाला होता, पण मीच पालथा होतो ना. छोकरीचे ओठ थरथरू लागले. दुरुस्तीवाला गोंधळून माझ्याकडे नुसता बघत राहिला. आजींच्या मात्र लगेच लक्षात आलं.

“अहो, उतरवा त्याला, तो बरा झालाय,” त्या हातांनी आणि तोंडाने एकदमच म्हणाल्या.

आजोबांनी मला उचललं आणि गर्रकन फिरवून मांडीवर घेतलं. पडद्यावर मिशी गोल फिरून जागेवर आली. छोकरी रडायची विसरली. ती खुदकन हसली, तिने नाकाखाली बोट नेलं आणि हवेतच पीळ दिला.

आजोबांचे सदा बोलणारे हात गप्प झाले. डोळे मात्र वाहत होते. आजी हसत होत्या, रडतही होत्या, आणि दुरुस्तीवाला उगाच चष्मा पुसत होता.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा जुना असेल. तो अडला तर लगेच अडगळीत टाकू नका. त्याच्या पाठीवरची धूळ झाडा, तो नक्की कोण आहे ते नीट वाचा आणि मग त्याला काय हवं ते द्या. आणि बिजागरीला जरा जपा. मला तर तिची फार गरज आहे. छोकरीला वाटतं, आजोबा तिच्यासाठी कोलांटी मारतात. ती रोज मिशीला पीळ देते आणि ‘पुन्हा’ची खूण करते, आणि मग आजोबा मला चौकटीत पालथं घालतात.