हळदीचं लाल

पहिल्या प्रयोगात फुगा फुगला आणि कुंदाचा दात गेला.

बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खायचा सोडा. यशश्रीने फुगा बाटलीच्या तोंडावर चढवून उलटा केला, तसा तो दूध प्यालेल्या बाळाच्या पोटासारखा गोल होत गेला. टाळ्या वाजवताना तिचा हात लागला, बाटली कलंडली आणि फसफसतं पाणी हेमचंद्रच्या ऑफिसच्या बुटात गेलं. त्याने तोच बूट उचलला. मारायचं होतं लेकीला. तिची आई, कुंदा, मध्ये आली. दात मग मोरीच्या जाळीवर सापडला, जाईच्या कळीएवढा, देठाशी लाल.

यशश्री तिसरीत होती. रोशनी मॅडम दर आठवड्याला आईच्या मोबाइलवर एक प्रयोग पाठवायच्या, घरच्या घरी करून बघायला. खाली नेहमीच्या दोन ओळी असायच्या : एक बार में एक ही चीज़ बदलो. जो दिखे, वही बोलो.

त्या ओळी पोरीने फारच मनावर घेतल्या. पप्पा कशाने भडकतात हे तिला शोधून काढायचं होतं. म्हणून एके दिवशी तिने फक्त चपला सरळ लावल्या, बाकी सगळं होतं तसं ठेवलं. त्या रात्री आईची बोटं कपाटाच्या दारात चेंगरली. मग टीव्हीचा आवाज कमी करून पाहिला. ताट भिंतीवर गेलं, ताटामागोमाग आई. मग मीठ, मग पंखा, मग स्वतःचं हसणं. काहीही बदला, उत्तर तेच येत होतं.

दात गेला त्या दिवशी कुंदा लेकीला घेऊन विजय नगरला भावाकडे धावली होती. श्रीरंग भला माणूस, कुणाशी वाकड्यात न शिरणारा. त्याने बहिणीला चहा पाजला, मेहुण्याला फोन लावला आणि संध्याकाळी स्वतःच्या स्कूटरवर दोघींना घमापुरला, हेमचंद्रच्या घरी, परत आणून सोडलं.

"हेमचंद्रराव म्हणून राहिले, तू पायरीवरून पडली," जिन्याखाली तो म्हणाला. "मी डोळ्यांनी काही पाहिलं नाही, कुंदे. पाहिल्याशिवाय कसा बोलू?"

कुंदा लेकीचा हात धरून जिना चढू लागली. तिला जायला जगात भावाशिवाय दुसरं दार नव्हतं, आणि ते एक दार त्याच्या पाहण्यावर अडलं होतं.

आजचा प्रयोग हळदीचा होता. रविवार, हेमचंद्र सकाळपासून बाहेर, संध्याकाळी मामा खोव्याची जलेबी घेऊन येणार. कुंदाने हळकुंडं काढली आणि लोखंडी खलबत्ता मांडला. बत्ता पडू लागला तसं तिच्या ओठांवर गाणंही आलं, फार दिवसांनी.

*हळद कांडू बाई, घणघण वाजे बत्ता*
*बोलेल माझी हळद, मी गं गप्प आता*

"गप्प काहून?" यशश्रीने विचारलं.

"गाण्यात असते तसं. तू कांड."

वाडग्यात हळद कालवली. जुन्या चादरीचे तुकडे त्यात बुडवून वाळवले, तर स्वयंपाकघरात दोरीभर ऊन टांगल्यासारखं दिसू लागलं. मग यशश्रीने साबणाच्या पाण्यात काडी बुडवली आणि एका तुकड्यावर फूल काढलं. काडी जिथे फिरली तिथे रक्तासारखं लाल उमटलं.

"मम्मी, देखो ना! लाल!"

"आता लिंबू पिळ त्याच्यावर."

लिंबाचा थेंब पडला आणि लाल विरून गेलं. पुन्हा पिवळं, जसं काही झालंच नव्हतं. यशश्रीने दहादा लाल केलं, दहादा पिवळं केलं. कुंदा तोंडावर पदर धरून हसत होती. दात गेल्यापासून ती तशीच हसायची.

जिन्यावर पावलं वाजली आणि हसणं विझलं. हेमचंद्र दारात उभा राहिला. दोरी पाहिली, फरशी पाहिली.

"काय तमाशा लावून ठेवला हा?"

"शाळेचं आहे," कुंदा म्हणाली. "आत्ता पुसते."

"शाळेचं! मी घरात येऊन राहिलो का बाजारात, बे?"

त्याने दोरी हिसकली. वाडगा लाथेने उडाला, हळद भिंतभर झाली. साबणाच्या पाण्याची बादली त्याने उचलून तशीच भिंतीवर मारली. पिवळ्यावर पाणी ओघळलं आणि पांढरी भिंत जागोजाग लाल होत गेली. ते लाल पाहून तो आणखीच पेटला. यशश्रीचा दंड धरून त्याने तिला वर उचललं. कुंदाने त्याच्या मनगटाला मिठी मारली. मग त्याने लेकीला सोडलं, बायकोचा अंबाडा मुठीत धरला आणि कपाळ चौकटीवर आपटलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा आवाज ओला होता. ती कपाळ भिंतीला घासत खाली आली आणि पाठ टेकून बसली. तिच्यामागे भिंतीवर एक पट्टा उमटला.

यशश्री ओट्याखाली शिरली. तिथून तिला पप्पांचा हात दिसत होता. तळवा लाल होता.

तेवढ्यात बेल वाजली.

हेमचंद्रने दोन श्वास घेतले. नळाखाली हात धुतला, केस बसवले. कुंदाच्या डोक्यावरून पदर कपाळाखाली ओढला, तिच्यावर माया करावी तसा, आणि कानाशी म्हणाला, "एक शब्द निघाला, तर पोरीचा हात मोडीन."

"या या, दादा!" त्याचा आवाज दारात जाऊन गोड झाला.

श्रीरंग जलेबीचा पुडा घेऊन आत आला आणि भिंत पाहून थबकला. "अरे बाप रे. हे काय?"

"तुमची भाची सायंटिस्ट होऊन राहिली," हेमचंद्र हसला. "हळदीवर साबण टाकला की लाल होते म्हणे. घराची होळी केली दोघींनी."

"अच्छा, अच्छा!" श्रीरंगही हसला. "मी तर घाबरलोच. कुंदे, तू खाली काहून बसली?"

कुंदाने ओट्याखाली पाहिलं. लेकीचे डोळे दिसले. "चक्कर आली, दादा."

"खात जा काही. चलो, जलेबी गरम आहे."

तो पुड्याची दोरी सोडू लागला. म्हणजे मामा जलेबी खाणार, आणि जाणार. यशश्रीच्या मुठीत अर्धं लिंबू होतं, मघापासून तसंच. ती ओट्याखालून बाहेर आली.

"मामा, इकडे बघ ना."

"ए, बस झालं," हेमचंद्र म्हणाला.

"करू द्या हो, मुलं आहेत. दाखव बेटा."

तिने भिंतीवरच्या पहिल्या डागावर लिंबू पिळलं. लाल गेलं, पिवळं आलं. "वा!" मामा म्हणाला. तिने दुसऱ्या डागावर पिळलं, तोही पिवळा. तिसराही. मग ती चौकटीपाशी गेली, टाचा उंचावल्या आणि आईच्या मागच्या पट्ट्यावर उरलेलं सगळं लिंबू पिळलं.

पट्टा लालच राहिला. रसाचा थेंब त्यातून गढूळ होऊन खाली गेला.

"हे नाही होत," यशश्री म्हणाली. "ही हळद नाही, मामा."

श्रीरंगच्या हातात पुडा तसाच राहिला. त्याने भिंतीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. पदराची कड आता गडद झाली होती.

हेमचंद्रने झेप घेतली. पोरीचे केस धरून तिला भिंतीकडे ओढलं. श्रीरंग मध्ये पडला, आयुष्यात पहिल्यांदा. कोपर त्याच्या तोंडावर बसलं, चष्मा फरशीवर फुटला, जलेबी साबणाच्या पाण्यात विखुरली. "सोडा तिला! हेमचंद्रराव, सोडा!" तो आंधळ्यासारखा चाचपडत ओरडत होता, आणि पोरीचं कपाळ चौकटीपासून वीतभर राहिलं होतं.

कुंदा उठली. खलातला बत्ता तिने कधी उचलला ते कुणाला दिसलं नाही. तो हेमचंद्रच्या मनगटावर पडला. सुकी काटकी मोडावी तसं कडकन वाजलं, मूठ उघडली, केस सुटले. तो हात पोटाशी धरून गुडघ्यांवर आला. बत्ता पुन्हा वर गेला, त्याच्या डोक्यावर, आणि तिथेच थांबला.  पदर खांद्यावर घसरला होता, कपाळावरची जखम डोळ्यापर्यंत उघडी पडली होती.

"पाहिलं, दादा?" ती म्हणाली.

श्रीरंगच्या ओठातून रक्त येत होतं. त्याने मान हलवली. मग ते पुरेसं नाही असं वाटून बोलला, "पाहिलं, कुंदे."

ती बत्ता हातात घेऊनच जिना उतरली, मागोमाग लेकीला धरून श्रीरंग.

दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कैसे लगा?" कुंदाने पायरीचं नाव घेतलं नाही. बुटापासून सुरू केलं. श्रीरंग बाजूला उभा राहून ऐकत होता, आणि पोलिसांत लिहून द्यायची वेळ आली तेव्हा पहिली सही त्याने केली.

विजय नगरच्या घरी पोचल्यावर यशश्री हात धुवायला मोरीत गेली. साबण लावला मात्र, दोन्ही तळवे लालभडक झाले. ती किंचाळली.

"मम्मी! माझे हात पप्पांसारखे झाले!"

कुंदा धावत आली. पोर भिंतीला चिकटून, हात अंगापासून दूर धरून उभी होती. कुंदाने मामाच्या फ्रिजमधून लिंबू आणलं, चिरलं, लेकीच्या ओंजळीत पिळलं.

"बघ. काय दिसून राहिलं?"

यशश्रीने एक डोळा उघडला. "पिवळं."

"मग काय आहे ते?"

"हळद."

"आणि काहून रडून राहिली मग?"

यशश्रीने नाक ओढलं. मग तिने आईच्या पट्टी बांधलेल्या कपाळाला एक बोट लावून पाहिलं, हलकेच. पट्टीवर पिवळं उमटलं. कुंदा हसली. पदर तोंडाशी नेला नाही. दाताच्या जागी फट होती, ती दिसली.