पाचव्या ओळीतलं उणे

चहावर साय धरायला बरोबर चार मिनिटं लागली. रोहिणीने कप तसाच राहू दिला. बदलापुरात कात्रपच्या फ्लॅटमध्ये बसून ती एका कंपनीसाठी भाषांतरकार शोधायची, आणि गेले तीन आठवडे तिला भौतिकशास्त्राचं पुस्तक जर्मनमधून स्लोव्हेनियनमध्ये करणारं माणूस हवं होतं.

"सापडला का तुझा स्लोव्हेनियावाला?" नितीनने चपला काढता काढता विचारलं. "मला इथे बदलापुरात प्लंबर मिळेना, आणि बायको बघा कुठे पोचलीय!"

"दहा जण झाले. दहाही नापास."

स्लोव्हेनियन तिला येत नव्हतं, जर्मन येत होतं. तिची रीत साधी होती. उष्णतावहनावर तिने स्वतः लिहिलेला एक जर्मन उतारा विज्ञानाच्या दर पुस्तकाच्या वेळी सगळ्या उमेदवारांना जायचा. त्यात एक एकक मुद्दाम चुकवलेलं. नुसती भाषा जाणणारा ते निमूट उतरवायचा. भौतिकशास्त्र जाणणारा उलट विचारायचा.

"आणि गाईड मॅडमना कळवलंस? आज शेवटची तारीख ना?"

"कळवते."

उष्णतावहन हाच तिच्या पीएचडीचा विषय. चार वर्षं प्रबंधाला हात लागला नव्हता. मुदत दोनदा वाढवून झाली होती. चालू ठेवायचं की सोडायचं, हे आज पाचच्या आत सांगायचं होतं.

तेवढ्यात मेल आली. स्लोव्हेनियातल्या लुब्लियाना शहरातले निवृत्त शिक्षक, मार्यान. एकक चुकलंय, त्यांनी लिहिलं होतं. शिवाय पाचव्या ओळीतल्या समीकरणात उणे चिन्ह नाही. 'तुमच्याकडे उष्णता थंडाकडून गरमाकडे वाहते. हीसुद्धा परीक्षाच असावी.'

रोहिणीने पाचवी ओळ पाहिली. उणे नव्हतं. ते तिने मुद्दाम गाळलं नव्हतं. तीन वर्षं ती हा उतारा पाठवत होती, दर वेळी वाचून.

आपल्याला काही वाटतंय का, याची तिने वाट पाहिली. काही वाटलं नाही. मार्यानच्या नावापुढे तिने 'उत्तीर्ण' लिहिलं, उताऱ्यात उणे घातलं आणि फाइल सेव्ह केली. मग गाईड मॅडमना फोन लावला.

"अगं, आहेस कुठे? मला वाटलं नंबर बदललास," मॅडम हसल्या. "मुदत वाढवायची ना? फॉर्म समोरच आहे माझ्या."

चहा एव्हाना खोलीइतकाच गार झाला होता.

"नको मॅडम," रोहिणी म्हणाली. "माझं नाव काढून टाका."