नालोंगोची डबी

म्हाताऱ्या माणसांची ताकद मोजायला शहरातून डॉक्टर येणार हे कळलं, तेव्हा नालोंगो फेरेस्ता म्हणाली, "मोजा की! नवऱ्यानं मोजायला हवी होती, तर तो मेला आयुष्यभर दारूच मोजत बसला."

जुळ्या मुलींना जन्म दिला त्या दिवसापासून तिला सगळे नालोंगो म्हणायला लागले. बुगांडाच्या मुलखात जुळ्यांच्या आईला तोंड सोडायची मुभा असते. फेरेस्तानं ती मुभा इतकी मनापासून वापरली होती, की चर्चच्या फादरनी तिला कबुलीजबाबाला येण्यातून कायमची सूट दिली होती. देवाला सगळं आधीच माहीत आहे, असं ते म्हणाले. खरं तर त्यांना ते पुन्हा ऐकायचं नव्हतं.

डॉक्टर अदोंग नावाची उंच, चष्मेवाली बाई आपली माणसं घेऊन आली. शाळेच्या पटांगणात गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना खुर्चीतून उठवलं, बसवलं, चालवलं. एक यंत्र मुठीत दाबायला दिलं. नालोंगोनं ते असं दाबलं, की डॉक्टरीणबाईंनी ते हलवून पाहिलं. शेवटी सुईत दोरा ओवायचा होता. कुळातला वडीलधारा काद्दू सुईशी झटापट करत घामाघूम झाला. नालोंगोनं दोरा पहिल्याच फटक्यात ओवला आणि सुई त्याच्या नाकासमोर धरली. "घे रे म्हाताऱ्या, आता दोन्ही ओठ शिवून टाक."

हात हा तिचा खरा अभिमान. ती ताडाच्या पात्यांच्या चटया विणायची, आणि तिच्या विणीत फट शोधायला लोक दिव्यासमोर चटई धरून बघायचे. शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांचे हात कापायला लागले होते, तिचे नव्हते. का नव्हते तेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं जावयाच्या सावलीलासुद्धा कधी पाय लावला नव्हता.

सासूनं जावयासमोर यायचं नाही, त्याला शिवायचं नाही, त्यानंही सासूच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. हे मोडलं की अंगात ओबुको शिरतो आणि हातपाय मरेपर्यंत थरथरत राहतात. त्यामुळे गावात कुणाचा हात कापायला लागला, की लोक तब्येत विचारत नाहीत. जावई कुठे भेटला होता, ते विचारतात.

आता डॉक्टरीणबाई उत्तरेकडची. हुशार, पण उत्तरेकडची; इथली ही रीत तिला कुठून ठाऊक असणार? ताकद मोजून झाल्यावर तिनं सगळ्यांना एकेक प्लास्टिकची डबी दिली आणि सांगितलं, की हल्ली साध्या तापावरची औषधं चालेनाशी झालीत, कारण औषधांना न जुमानणारे जंतू माणसांच्या पोटात घर करून बसलेत. तेव्हा प्रत्येकानं सकाळच्या शौचाचा नमुना डबीत भरून ठेवायचा. डबी न्यायला गावच्या ओळखीचाच माणूस येईल, म्हणजे कुणाला संकोच वाटणार नाही.

ओळखीचा माणूस म्हणजे लुब्वामा. नालोंगोची धाकटी मुलगी नकातो, तिचा नवरा.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलची फटफट ऐकू आली, तशी नालोंगो चूल टाकून केळीच्या बागेत पळाली. लुब्वामानं अंगणाच्या कडेला गाडी थांबवली, पाठ फिरवली आणि समोरच्या फणसाच्या झाडाला विचारलं, "आई, बऱ्या आहात ना?"

"काद्दू, त्यांना सांग बरी आहे म्हणून," बागेतून आवाज आला.

काद्दू कुंपणापाशी पाइप ओढत बसला होता. "तिनं सांगितलं ते ऐकलंस ना? मग मी कशाला तोंड दुखवू?"

"आई, ती डबी..." लुब्वामा फणसाला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मोठ्या बाईंनी मागितलीय. मी बघणारसुद्धा नाही. पिशवीत टाकेन आणि जाईन."

"उद्या म्हणावं!"

ज्या बाईनं आख्ख्या गावाच्या बापांचा उद्धार केला होता, ती त्या दिवशी जेवली नाही. जावयासमोर नुसतं खोकणंसुद्धा वाईट, आणि इथे याच्या हातात द्यायचं काय? आणि तेही गरम? नुसत्या विचारानं तिला आपली बोटं थरथरल्यासारखी वाटली. पण डबी दिली नाही तर डॉक्टरीणबाईंच्या अभ्यासातून नाव जाईल, आणि पहिला नंबर काद्दूकडे जाईल. तो तर बसल्या जागी पादला तरी दम लागणारा माणूस.

मग तिचं लक्ष मंत्रीकडे गेलं.

मंत्री हे तिचं डुक्कर. सगळं खातो, काही करत नाही आणि आडवा पडून राहतो, म्हणून मंत्री. दुसऱ्या दिवशी सकाळी फणसाच्या बुंध्यापाशी डबी ठेवलेली होती, वर केळीचं पान झाकलेलं. लुब्वामानं ती मान वळवून उचलली आणि तो निघून गेला. नालोंगोनं बागेतून बघितलं आणि तिला एकदम हलकं वाटलं. मंत्रीला तिनं त्या दिवशी जास्तीची सालं घातली.

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाई स्वतः धावत आली. "आजी, तुम्ही जगात एक आहात!" ती म्हणाली. नालोंगोच्या डबीत असे जंतू निघाले होते, की नेहमीच्या वापरातलं एकही औषध त्यांना मारू शकत नव्हतं. फक्त एक चालत होतं, इस्पितळाच्या कुलूपबंद कपाटातलं. असले जंतू पोटात बाळगून ही बाई मूठ दाबते, दोरा ओवते! यात निरोगी म्हातारपणाचं काहीतरी गुपित असणार, असं म्हणून तिनं नालोंगो काय खाते, कधी झोपते, कशावर झोपते, सगळं विचारून घेतलं.

"आणि पहिल्यापासून एवढ्या सुदृढ?"

"पिल्लू होते तेव्हापासून," नालोंगो म्हणाली.

गावभर तिचा भाव वाढला. काद्दू महिनाभर तिच्याशी बोलला नाही.

मग पावसाळ्याच्या तोंडी तिला लघवीला जळजळ सुरू झाली. पाठीत कळ यायला लागली. तिनं नेहमीप्रमाणे बाजारातल्या लाल-पिवळ्या कॅप्सुली आणल्या, दोन घेतल्या. उतार पडला नाही. रविवारी चटई विणताना तिची बोटं हलली. आधी बोटं, मग मनगटं, मग दात वाजायला लागले. चटईची पाती हातातून सुटून पडली.

काद्दूनं कुंपणावरून बघितलं. त्याचा पाइप विझला. "नालोंगो," तो हळूच म्हणाला, "कुठे लागलीस त्याला?"

"नाही रे! आईशप्पथ, नाही लागले."

पण गाव जमलं, आणि गावाचं मत आधीच झालं होतं. हा ओबुकोच. इस्पितळात नेऊन काय होणार? दोन्ही घरांनी बसून कोंबडी कापायला हवी, क्षमा मागायला हवी, सगळं रीतीनं. मोठी मुलगी बबिर्ये रडत कोंबडी शोधायला गेली. नालोंगो घोंगडीत कुडकुडत पडली होती आणि तिला आतून कळून चुकलं होतं. लागले नाही, पण फसवलं तर खरं. सासूची म्हणून डुकराची वस्तू जावयाच्या हातात दिली. याच्याहून मोठा अपमान कुठला?

इतक्यात फटफट आली. नकातोनं निरोप धाडला होता. लुब्वामा या खेपेला फणसाशी बोलला नाही. तो सरळ दारात आला, आणि आख्खं अंगण एक पाऊल मागे सरकलं.

"आईंना उचला. माझ्या मागे बसवा."

"अरे, वेड लागलं का तुला?" काद्दू ओरडला. "ती तुझी सासू आहे!"

"म्हणूनच नेतोय. तुमची असती तर कोंबडीची वाट बघितली असती."

शेवटी काद्दूनंच तोड काढली. नालोंगोची एक नवीन चटई गुंडाळून जाडजूड वळकटी केली, ती दोघांच्या मधे उभी धरली, आणि वरून कापडानं तिघांना बांधलं. लुब्वामा, चटई आणि सासू. इस्पितळाच्या वाटेवर रस्ता कमी आणि खड्डे जास्त. दुसऱ्याच मोठ्या खड्ड्यात चटई सुळकन निसटून चिखलात पडली. लुब्वामानं गाडी थांबवली नाही. नालोंगोनं डोळे घट्ट मिटले आणि जावयाच्या कमरेला मिठी मारली. त्याच्या पाठीला घामाचा वास येत होता. तो भीतीचा घाम आहे हे तिला कळलं, आणि तिला त्याची दया आली.

इस्पितळात डॉक्टर अदोंगनं तिला बघितलं आणि लगेच कपाटाची किल्ली मागवली. "आजींचे जंतू आपल्याला माहीत आहेत. साधं इंजेक्शन वाया घालवू नका. नव्या तपासणीचा निकाल यायला वेळ लागेल, तोवर थांबता येणार नाही."

नालोंगोनं दात आवळले. खोटं पोटात आहे तोवर हे कापणं थांबणार नाही, अशी तिची खात्री पटली होती. लुब्वामा पडद्याच्या पलीकडे उभा होता. तिनं पडद्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "पोरी, ती डबी माझी नव्हती. डुकराची होती."

पडद्यापलीकडे लुब्वामा खाली बसल्याचा आवाज आला.

"डुकराची," डॉक्टर अदोंग म्हणाली.

"मंत्रीची."

चष्म्यामागे तिचे डोळे बारीक झाले. महिनाभर ती या डबीवर परिषदांमधून भाषणं देत होती. आजींच्या पोटातले जंतू कसले, ते आता कुणालाच माहीत नव्हतं. तिनं किल्ली खिशात टाकली आणि नर्सला साधं इंजेक्शन द्यायला सांगितलं. ते दिलं. नालोंगोनं हात छातीवर धरून वाट बघितली. खरं बोलून झालं होतं, आता कापणं थांबायला हवं.

थांबलं नाही. सकाळी ताप आणखी चढला, ओठ निळसर पडले आणि खाट खडखडायला लागली. चोख खरं बोलून बाई मरायच्या वाटेला लागली.

"पण का, आजी?" डॉक्टर तिच्या उशाशी बसून म्हणाली. राग ओसरला होता, नुसती थकली होती. "मला सांगायचं होतंत. मी दुसरा माणूस पाठवला असता. हा तुमचा आपला म्हणून याला पाठवला."

"आपला आहे, म्हणूनच तर." नालोंगोचे शब्द दातांत तुटत होते. "माझा मंत्री कोण बघेल आता? माझ्याच हातचं खातो तो. पाऊस आला की चुलीपाशी माझ्याशेजारी झोपतो... मला खोकला झाला की दोन कॅप्सुली मी घेते, दोन त्याच्या आंबोणात फोडते. त्याला तरी दुसरं कोण आहे?"

डॉक्टर अदोंग उठून उभी राहिली. "दोन तुम्ही, दोन तो? आणि एकाच चुलीपाशी?"

"गरिबाघरी दोन चुली असतात का गं?"

"अहो आजी, मग त्याचे जंतू ते तुमचेच जंतू!" एवढं म्हणून ती कपाटाकडे अशी धावली, की तिची एक चप्पल खाटेपाशीच राहिली.

कुलपातलं औषध सलाईनमधून चढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खाट खडखडायची थांबली. त्यानंतर एका सकाळी नालोंगोनं नर्सकडे सुई-दोरा मागितला, ओवला, आणि मग ती पडद्याकडे तोंड करून खूप रडली. नव्या तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टर अदोंगनं मान डोलावली. जंतू तेच होते. मंत्री खरंच बोलला होता.

घरी परतल्यावर तिच्या कॅप्सुली बंद झाल्या, मंत्रीच्याही बंद झाल्या, आणि त्याला चुलीपासून लांब नवं खोपट मिळालं. तो त्यावर फार नाराज होता. सहा महिन्यांनी पुन्हा डब्या वाटल्या गेल्या. डॉक्टरीणबाईंनी शहाणपणानं निरोप पाठवला, की नालोंगोकडे या खेपेला नर्स येईल.

"नर्स नको," नालोंगोनं उलट निरोप धाडला. "ज्यानं वाहून नेलं, तोच येऊ दे."

सकाळी अंगण भरलं. काद्दू सगळ्यांत पुढे, पाइप न पेटवता. लुब्वामानं सवयीनं गाडी कडेला लावली, पाठ फिरवली आणि फणसाकडे तोंड केलं.

"इकडे बघा, जावईबापू," आवाज आला. तो बागेतून नव्हता.

तो वळला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूचा चेहरा त्यानं दिवसाउजेडी समोरून बघितलेला नव्हता. ती त्याला वाटली होती त्यापेक्षा बरीच लहानखुरी निघाली. तिनं डबी पुढे धरली. सगळं अंगण तिच्या हाताकडे बघत होतं. हात जागचा हलला नाही.

"घ्या. या खेपेला माझीच आहे."

त्यानं दोन्ही हातांनी डबी घेतली आणि त्याचेच हात असे कापायला लागले, की झाकण वाजू लागलं. "बघा, बघा!" काद्दू ओरडला.

"गप्प बस रे," नालोंगो म्हणाली. तिनं आपले दोन्ही हात जावयाच्या हातांखाली धरले, आणि डबी स्थिर होईपर्यंत ते तसेच ठेवले.