टाकाऊ ठरवलेली तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची तबकडी आहे. आकाराने लहान मुलाच्या ताटाएवढी, पण माझ्यात आजवर कुणी जेवलेलं नाही. माझं काम एकच, तळ्याच्या पाण्यात उतरायचं आणि दिसेनासं व्हायचं. हसू नका. पूर्ण ऐका, मग हसायचं की नाही ते ठरवा.

मी आधी एका पिंपाचं झाकण होते. तळ्याकाठी कापड रंगवण्याचा कारखाना आहे, तिथल्या भंगारात पडले होते. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला उचलून आणलं, कंपासने माझ्यावर वर्तुळ आखलं आणि पत्रेवाल्याकडून कापून घेतलं. मधोमध भोक पाडून दोरी ओवली, खाली शिशाचं वजन बांधलं. दोरीला दर दहा सेंटिमीटरला गाठ आणि दर अर्ध्या मीटरला लाल चिंधी. रंगवायचं काम त्यांनी सातवीतल्या एका मुलीला दिलं. तिची बोटं कायम रंगलेली असत, म्हणून वर्गात सगळे तिला शाई म्हणत.

"चित्र काढायचं नाही," बाई तिला म्हणाल्या. "चार सारखे भाग. दोन काळे, दोन पांढरे, समोरासमोर."

"नुसतं काळं-पांढरं? कंटाळवाणं दिसेल बाई."

"दिसू दे. पाण्यात गेल्यावर तोच फरक डोळ्यांना शेवटपर्यंत दिसतो."

शाईने रंगाचे दोन हात दिले. तिसरा स्वतःच्या मनाने दिला. कडा इतक्या सरळ की पत्रेवाल्यानेसुद्धा मान हलवली. मित्रांनो, तो दिवस मला आठवतो. कुणीतरी आपल्याला मन लावून बनवतंय, हे पत्र्यालाही कळतं.

मग सुरू झाले आमचे शनिवार. बरोबर दुपारी बारा वाजता शाई आणि बाई होडीत बसायच्या. होडी एका मावशींची होती. त्या माणसांना पलीकडच्या काठावर सोडत आणि सकाळी जाळं टाकत. होडीच्या सावलीच्या बाजूने शाई मला हळूहळू खाली सोडायची. पाणी जितकं स्वच्छ, तितकी मी खोलवर दिसणार. मी दिसेनाशी झाले की ती गाठ मोजायची, मग मला वर ओढायची आणि पुन्हा दिसू लागले की तीही गाठ मोजायची. दोन्हींची सरासरी वहीत जायची. डोळे नेहमी शाईचेच, कारण माणूस बदलला की नोंद बदलते, असं बाई सांगत.

"ताटली बुडवून तुम्हाला काय कळतं गं?" मावशी विचारायच्या. "मला विचारा. मला नाकाने कळतं."

"तुमचं नाक वहीत कसं लिहू, मावशी?" शाई म्हणायची.

"लिही की. लांबी दोन इंच, गंध वाईट."

तिघी हसायच्या. मी दोरीला लटकून ठिबकत राहायचे.

पहिली नोंद होती दोन मीटर चाळीस. शाईने आकड्यापुढे वहीत एक छोटा चौकोन आखला आणि समोरच्या पाण्याशी जुळवत रंग कालवून तो भरला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे दर शनिवारी एक आकडा आणि एक चौकोन. पहिल्या पानावर ते चौकोन आवळ्याच्या सालीसारखे फिकट हिरवे होते. चौथ्या पानापासून त्यांत निळसर काळपटपणा येऊ लागला. आकडे उतरत गेले. दीड मीटर, एक पस्तीस, एक दहा. कारखान्याने तळ्यात सांडपाण्याचा नवा नळ सोडल्याला तेव्हा पाच महिने झाले होते. एकसष्ट नोंदी आम्ही केल्या. बाई एकदा ती वही दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे विज्ञान आहे की चित्रकला, मला सांगता येणार नाही. पण खरं आहे." शाई त्या दिवशी घरी उड्या मारत गेली. मी तिच्या पाठीवर आपटत होते, तरी मला काही लागलं नाही.

तिच्या घरी दाराजवळच्या खिळ्यावर माझी जागा होती. तिथून सगळं घर दिसायचं. एक खोली, स्टोव्ह, पलंग, पलंगाखाली शाईची रंगपेटी. तिचे बाबा कारखान्यात होते. घरी आले की आधी हात घासायचे, पण नखांतला निळा रंग काही जायचा नाही. आई म्हणायची, "बापलेकीला एकाच पिंपात बुडवून काढलंय."

मग बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी वही आणि मला कायमचं शाईच्या हवाली केलं. "एकही शनिवार चुकवू नकोस," त्या म्हणाल्या. शाईने मान डोलावली. ती मान डोलावणं मी पाहिलं आहे, मित्रांनो. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

त्यानंतर दोन आठवड्यांत शाळेत स्पर्धा जाहीर झाली. निबंधाचा विषय 'माणूस, कला आणि पर्यावरण'. सोबत 'टाकाऊतून टिकाऊ' अशी एक वस्तूही बनवून आणायची होती. परीक्षक होते कारखान्याचे व्यवस्थापक. शाईने निबंध लिहिला आणि रात्रीच्या जेवणाआधी घरच्यांना वाचून दाखवला. चांगला होता. कला माणसाला नीट पाहायला शिकवते आणि ज्याने नीट पाहिलं त्याला नासधूस सहन होत नाही, असं तिने लिहिलं होतं. मग तिने आमचे आकडे वाचले. दोन चाळीसपासून एक दहापर्यंत. आणि नवा नळ.

आई ताटं घेता घेता थांबली. बाबा हातांकडे बघत होते.

"त्या नळाची चावी कोण फिरवतं, माहीत आहे तुला?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"मी फिरवतो, बाळा. पाळी सुटायच्या आधी, रोज."

शाईने कागद खाली ठेवला. मग बाबा म्हणाले, "खोटं लिही असं मी म्हणत नाही. आकडे कशाला वाचतेस, एवढंच. तुझा हात चांगला आहे. छानसं काहीतरी रंगव."

शाईने तो परिच्छेद खोडला. मला त्याचं वाईट वाटलं, पण मी समजू शकले. बापाकडे बोट दाखवणं कोणत्या मुलीला जमेल? तिने गप्प राहायचं ठरवलं असतं आणि मला खिळ्यावर राहू दिलं असतं, तर मी आज ही गोष्ट सांगितली नसती.

पण तिला एक वस्तू हवी होती. रविवारी सकाळी तिने मला खाली काढलं, पुसलं आणि मांडीवर घेतलं. मला वाटलं, कडा झिजल्यात म्हणून नवा हात देतेय. तिने आधी हिरवा रंग लावला. मग निळा. माझे पांढरे भाग गेले, काळे गेले. मग तिने माझ्यावर कमळं काढली, दोन मासे काढले, एक बगळा काढला. चित्र सुंदर होतं, हे मी नाकारत नाही. बगळ्याचा एकेक पंख तिने केसाएवढ्या कुंचल्याने काढला होता. स्पर्धेच्या कागदावर 'मूळ टाकाऊ वस्तू' असा रकाना होता. त्यात तिने तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'पत्र्याचं जुनं झाकण'.

मित्रांनो, मला भंगारातून उचललं तेव्हा मी टाकाऊ होते. एकसष्ट वेळा तळ्यात उतरून आल्यावरही मी टाकाऊ, हे लिहिणारी तीच होती, जिने मला तिसरा हात स्वतःच्या मनाने दिला होता.

तिला पहिलं बक्षीस मिळालं. व्यवस्थापकांनी मला उंच धरून सगळ्यांना दाखवलं. टाळ्या झाल्या. मुख्याध्यापकांनी मला चौकटीत बसवून कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर टांगलं. येणारेजाणारे थांबून म्हणायचे, किती जिवंत मासे. त्याच दिवसांत तळ्यातले मासे मावशींच्या जाळ्यात पोट वर करून येत होते. हे मला शिपायांच्या बोलण्यातून कळायचं. भिंतीवर मी सगळ्यांना, सदैव दिसत होते. दिसेनाशी होण्यासाठी बनवलेल्या वस्तूला याहून मोठी शिक्षा नाही. शाई रोज समोरून जायची. सुरुवातीला वर बघायची. नंतर बघेनाशी झाली.

तेरा महिने गेले. मावशींनी तळ्याचं पाणी बाटलीत भरून तीन वेळा सरकारी कार्यालयाचे खेटे घातले, तेव्हा कुठे पाहणीला एक अधिकारी आले. त्यांनी शाळेत विचारलं, इथली मुलं पाणी मोजत असत म्हणे? मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानाने मला चौकटीतून काढलं. शाईला वही आणि माझी दोरी-वजन घेऊन बोलावलं.

होडीत अधिकारी बसले, व्यवस्थापक बसले, शाई बसली. वल्ही मावशींच्या हातात. मावशींनी मला पाहिलं आणि शाईला म्हणाल्या, "छान नटवलीस गं हिला. आता ही खरं कशाला बोलेल?"

शाईने खाली पाहिलं.

अधिकाऱ्यांनी वही चाळली. चौकोनांवरून बोट फिरवलं. "हे फारच नेमकं आहे," ते म्हणाले. मग पान उलटलं आणि पुढे काहीच नव्हतं. "यानंतर?"

"यानंतर मोजलं नाही."

"तेरा महिने?"

"हो."

त्यांनी मला पाण्यात सोडलं. मी जीव तोडून दिसायचा प्रयत्न केला, असं म्हटलं तर खोटं होईल. पत्र्याला प्रयत्न करता येत नाही. चौथ्या गाठीला मी नाहीशी झाले. चाळीस सेंटिमीटर.

"साहेब," व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, "हिरव्या-निळ्या पाण्यात हिरवी-निळी ताटली. ती कशी दिसणार?"

आणि त्यांचं बरोबर होतं. पाणी खरोखर नासलं होतं, पण ते सांगण्याची लायकी माझ्यात उरली नव्हती. "ही हिरवी-निळी मी केली," शाई म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तिला पुन्हा सांगावं लागलं. अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं, 'आधीच्या नोंदींशी तुलना करता येत नाही.' त्या एका ओळीवर पाहणी संपली. नळ चालू राहिला. मावशींनी त्या दिवशी होडी काठावर ओढून उपडी घातली. ती अजून उपडीच आहे.

शाईने मला चौकटीत परत दिलं नाही. मुख्याध्यापक बक्षिसाच्या वस्तूबद्दल बरंच बोलले. तिने ऐकून घेतलं आणि मला घरी आणलं. ती चाकूने खरवडू लागली. बाबांनी कारखान्यातली पत्र्याची खरवडणी आणून तिच्याशेजारी ठेवली. बगळा गेला, मासे गेले. पण खालचा पांढराही त्यांच्यासोबत निघून आला, कारण रंग रंगाला धरून बसतो. तिने मला नव्याने चार भागांत रंगवलं. आता दर शनिवारी ती काठावरच्या दगडी धक्क्यावरून मला सोडते. नवी पहिली नोंद पंचेचाळीस सेंटिमीटर होती.

तुम्ही विचाराल, मग आता तक्रार कसली? तक्रार वहीत आहे. एकसष्टाव्या नोंदीनंतर शाईने छप्पन्न शनिवारांच्या छप्पन्न ओळी आखून ठेवल्या आहेत, तारखांसकट. आकड्याची जागा कोरी, चौकोन कोरा. तिच्याकडे सगळे रंग आहेत, तिचा हातही चांगला आहे, पण ते चौकोन तिला भरता येत नाहीत. मागच्या वर्षीचं पाणी आज मोजता येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत एखादी अशी वस्तू असेल, जी दिसायला साधी आहे आणि तुम्हाला नको असलेलं सांगते. तिच्यावर प्रेम असेल तर तिला सजवू नका, भिंतीवर टांगू नका. तिचं काम तिला करू द्या. दर शनिवारी शाई वाकून पाण्यात बघते, मी खाली जाते, आणि ती म्हणते, "अजून दिसतेस." मला तिला सांगायचं असतं की भिंतीवर होते तेव्हाही मी तुला दिसत होते. पण तोवर गाठ येते, आणि मी दिसेनाशी होते.