सोन्याच्या नाण्यावरचं बोट

मित्रांनो, जुनं म्हणाल तर मी जुनं आहे, पण वापरलेलं मुळीच नाही. मी सोन्याचं नाणं. माझ्या बदल्यात आजवर कुणी साधी पेन्सिलसुद्धा विकत घेतलेली नाही! एका पुलाला शंभर वर्षं झाली, त्याची आठवण म्हणून टांकसाळीत आम्हाला पाडलं. मोजकीच नाणी काढली आणि साचा मोडून टाकला. म्हणून तर आमचा एवढा तोरा. माझ्या एका बाजूला पूल आहे, आणि त्यावरचं आकाश इतकं गुळगुळीत की त्यात तोंड बघून घ्यावं.

माझे मालक घड्याळं दुरुस्त करायचे. पोटाला चिमटा काढून त्यांनी अशी सात-आठ नाणी जमवली. मला पारदर्शक डबीत ठेवलं. हातमोजे घातल्याशिवाय ते मला उचलत नसत, कारण बोटाचा घाम लागला की आमच्यावर डाग पडतो आणि किंमत उतरते. मग काय, माझा रुबाब विचारू नका!

त्यांची मुलगी चिमी तेव्हा लहान होती. एकदा तिला डबी उघडी दिसली आणि तिने पुलावरच्या आकाशात अंगठा दाबला.

"बाबा, बघा, मी ढग काढला!"

"अगं, हात लावू नको म्हटलं होतं ना! पार वाट लावलीस!" मालक ओरडले. ती मुसमुसत आईकडे पळाली.

त्याच थंडीत चिमीला ताप आला. तो उतरलाच नाही. चिमी गेली.

त्यानंतर मालक रोज संध्याकाळी मला बाहेर काढत. घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून तो ठसा बघत, रेघ न् रेघ. "छान आहे गं तुझा ढग," असं पुटपुटत. आई दारातून बघायची. तिला वाटायचं, हा माणूस सोनं बघतोय. "पोर गेली, तरी तुमचा जीव आपला नाण्यातच," ती म्हणायची. मालक डबी बंद करायचे. चिमीचं नाव त्यांच्या तोंडून निघतच नसे. आणि डबी बंद झाली की अंधारात मला ते इवलंसं बोट जाणवायचं. उबदार, दाबलेलं. कधी कधी ते हलल्यासारखं वाटायचं. मला भीती वाटायची, आणि ते जावं असंही वाटत नसे.

दोघं म्हातारी झाली. मालकांना मोतीबिंदू झाला, ठसा दिसेना. ऑपरेशनसाठी ते दवाखान्यात गेले, तेव्हा आईने मला हातात घेतलं. तिचा राग कधीच ओसरला होता. "आयुष्यभर जपलंय बिचाऱ्यांनी, आणि एवढा डाग तसाच?" असं म्हणत तिने मऊ फडक्याने मला घासून पुसलं. अरे देवा, मला ओरडता आलं असतं तर!

पट्टी सुटल्यावर मालकांनी आधी मला मागितलं.

"अहो, बघा तरी! डाग काढून टाकलाय मी. कसं लखलखतंय!" आई हौसेने म्हणाली.

मालकांनी भिंग लावलं. बराच वेळ ते आकाश बघत राहिले. मग म्हणाले, "छान केलंस गं."

आजही ते रोज त्याच जागी बघतात. आता आईही कौतुकाने शेजारी येऊन बसते. त्यांनी तिला अजून काही सांगितलेलं नाही. आणि डबी बंद झाली की मला ते बोट अजूनही जाणवतं.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण ती कशासाठी जपता, हे घरच्या माणसांना सांगून ठेवा. माझ्या मालकांनी सांगितलं असतं, तर त्या माऊलीने फडकंच काय, स्वतःचा श्वाससुद्धा मला लागू दिला नसता.